मधला स्पीकर: होम थिएटर रिसीव्हरची गोष्ट

आजचा भाग दोन्ही कानांत इयरफोन लावून ऐकत असाल तर एक गंमत करा. एका कानातला इयरफोन काढा. मी एका बाजूला गेलो, बरोबर? आता परत लावा. आता मी कुठे आहे? डोक्याच्या बरोब्बर मध्ये. तिथे एकही स्पीकर नाही आणि तरी मी तिथूनच बोलतोय. हा जो नसलेला मधला माणूस आहे ना, आजची गोष्ट त्याची आहे.

सुरुवात घरापासून करतो. गेल्या दिवाळीत मिरजेला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर बाबा टीव्हीवर सिनेमा बघत बसले होते, आवाज ३८ वर. आणि तरी दर दोन मिनिटांनी, "काय म्हणाला गं तो?" आई आधी सांगत होती. मग म्हणाली, "अहो, खालच्या काकूंना विचारा, त्यांना सगळं ऐकू येतंय." (हसतो) हसलो आम्ही, पण बाबा हसले नाहीत. रिमोट ठेवून झोपायला गेले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, ऑडिओमेट्री केली. आलेख डावीकडे ठीक होता, उजवीकडे जिना उतरल्यासारखा खाली गेलेला. म्हणजे खालच्या पट्टीतले आवाज येतात, वरच्या पट्टीतले येत नाहीत. भाषेत वरच्या पट्टीत काय असतं? स, श, त, फ. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. बाबा वर्षभर सांगत होते, "आवाज येतो रे, शब्द येत नाही." आलेखात नेमकं तेच लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, श्रवणयंत्र लावा. बाबा म्हणाले, अजून एवढा म्हातारा झालो नाही. बाबा ६४ वर्षांचे आहेत आणि एकदा नाही म्हणाले की विषय संपतो.

मग मी ठरवलं, कानात यंत्र नाही तर खोलीत यंत्र. चांगला होम थिएटर रिसीव्हर घेऊ.

आता मी इंजिनिअर. इंजिनिअर काय करतो? एक्सेल शीट बनवतो. २३ मॉडेल, ४१ कॉलम. वॅट, चॅनल, एचडीएमआयचं व्हर्जन, अ‍ॅटमॉस आहे की नाही, रूम करेक्शन कुठलं, ईआर्क, प्री-आउट... दोन आठवडे रात्री हेच. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की एकेका कॉलमचा अर्थ शोधत मी दर वेळी कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन पोचतोय. या डब्याच्या मागची बाजू बघितलीत कधी? पन्नासेक सॉकेट असतात. ते एकदम कुणी डिझाइन केलेलं नाही. जुन्या वाड्याला दर पिढीने एकेक खोली जोडावी तसं झालंय ते. कुठली खोली कधी आणि का बांधली हे कळलं, की आपल्याला कुठल्या खोलीत राहायचंय हेही कळतं.

सगळ्यात जुनी खोली म्हणजे नावच. रिसीव्हर. अरे, हा काय रिसीव्ह करतो? तर रेडिओ! १९५० च्या आसपास अमेरिकेत हाय-फाय हा छंद होता आणि त्यासाठी ट्यूनर वेगळा, प्री-अ‍ॅम्प वेगळा, पॉवर अ‍ॅम्प वेगळा, आणि सगळं जोडायला एक हुशार भाचा लागायचा. १९५४ मध्ये हरमन कार्डन या कंपनीने फेस्टिव्हल डी-१००० नावाचा डबा काढला, ज्यात हे तिन्ही एकत्र होते. १९५८ मध्ये त्याचा स्टिरिओ भाऊ आला. तेव्हापासून ट्यूनरसकट अ‍ॅम्प म्हणजे रिसीव्हर. आजही बऱ्याच मॉडेलच्या मागे एफएम अँटेनाचं सॉकेट असतं. वायरचा तुकडा लावा, विविध भारती लागेल. आमच्या घरी याच एका सुविधेचं आईने मनापासून कौतुक केलंय.

दुसरा कॉलम वॅटचा, आणि इथे थोडं भांडायचंय मला.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लहानपणी घरी कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर होते. खोक्यावर लिहिलेलं असायचं '१००० वॅट पीएमपीओ'. हजार वॅट म्हणजे इस्त्री! आणि अडॅप्टर केवढा, तर मोबाइलच्या चार्जरएवढा. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी, आदर्श परिस्थितीत, सगळे स्पीकर मिळून, देवाच्या कृपेने किती ताकद निघू शकेल याचा अंदाज. मोजायची ठरलेली पद्धतच नव्हती, त्यामुळे जो तो मनाला येईल ते छापायचा. हा खेळ आपल्याकडचा नाही बरं का. अमेरिकेत १९६० च्या दशकात हेच चाललं होतं. शेवटी १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की स्टिरिओ अ‍ॅम्पची ताकद छापायची असेल तर आधी तो तासभर एक-तृतीयांश ताकदीवर तापवा, मग दोन्ही चॅनल एकदम चालवून मोजा, आणि विकृती किती टक्के तेही छापा. निम्म्या कंपन्यांचे आकडे रातोरात खाली आले असते अशी ही अट.

पण हा नियम दोन चॅनलच्या काळातला. पुढे पाच, सात, नऊ चॅनल आले आणि पळवाट परत उघडली. आज खोक्यावर मोठ्या अक्षरात १५० वॅट असतं, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात, '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, १ चॅनल चालू'. तुम्ही सिनेमा एका स्पीकरवर, एकाच सुरात, फाटक्या आवाजात बघणार असाल तर १५० वॅट. नाहीतर अर्धे धरा. त्यातही गणित असं आहे की ८० वॅट आणि १०० वॅट यात फरक फक्त १ डेसिबलचा, जो धड ऐकूही येत नाही. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. वॅटचा कॉलम मी शीटमधून उडवला. त्याच्यामुळे १२ हजार रुपयांचा फरक पडत होता.

आता मूळ गोष्टीकडे. मधल्या माणसाकडे.

१९३१, लंडन. अ‍ॅलन ब्लमलाइन नावाचा २८ वर्षांचा इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर बोलपट बघायला गेला. बोलपट तेव्हा नवीनच होते. पडद्यामागे एक स्पीकर. नट पडद्याच्या डाव्या टोकाला उभा राहून बोलतोय आणि आवाज येतोय भलतीकडून. याला ते खटकलं. त्याने तिला सांगितलं की आवाज माणसाच्या मागे मागे जाईल असं करायची युक्ती माझ्याकडे आहे, अशी ही गोष्ट सांगतात. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा, पेटंट मात्र खरं आहे. १४ डिसेंबर १९३१ ला अर्ज, ७० दावे, आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा जवळजवळ अख्खा पाया त्यात आहे. हा माणूस १९४२ मध्ये, ३८ व्या वर्षी, रडारची चाचणी करताना विमान अपघातात गेला. स्टिरिओ घराघरात पोचलेला त्याने पाहिला नाही.

माझ्या डोक्यात घर करून बसली ती एक गोष्ट. हा सगळा उद्योग सुरू झाला तो हेलिकॉप्टर डोक्यावरून जावं म्हणून नाही. बोलणाऱ्या माणसाचा आवाज त्या माणसाच्या तोंडातून यावा, एवढ्यासाठी सुरू झाला. म्हणजे अगदी बाबांचाच प्रश्न.

दोनच वर्षांनी अमेरिकेत बेल लॅब्सने एक प्रयोग केला. २७ एप्रिल १९३३. फिलाडेल्फियात ऑर्केस्ट्रा वाजतोय, आणि वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये रिकाम्या रंगमंचासमोर श्रोते बसलेत. आवाज टेलिफोनच्या तारांवरून येतोय. ऑर्केस्ट्राचा नेहमीचा कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्स्की चक्क वॉशिंग्टनमध्ये बसून बटणं फिरवतोय. आणि तारा किती? दोन नाही. तीन. डावी, उजवी आणि मधली. कारण त्यांनी आधीच मोजून बघितलं होतं. दोन स्पीकर लांब ठेवले की मध्ये खड्डा पडतो. मधोमध बसलेल्या माणसाला आवाज मधून आल्याचा भास होतो, पण तो दोन खुर्च्या डावीकडे सरकला की सगळा आवाज डाव्या स्पीकरला जाऊन चिकटतो. भास एकाच खुर्चीपुरता. खरा मधला स्पीकर ठेवला की सगळ्या खुर्च्यांना आवाज मधूनच येतो.

याच स्टोकोव्स्कीला घेऊन डिस्नेने १९४० मध्ये 'फँटेशिया' काढला आणि त्यासाठी फँटासाउंड ही यंत्रणा बनवली. पडद्यामागे तीन स्पीकर आणि काही खेळांत प्रेक्षागृहात आणखी. एका थिएटरात बसवायला सुमारे ८५ हजार डॉलर. मग युद्ध आलं, सामान मिळेना, आणि सिनेमा पुढे साध्या मोनो आवाजात फिरवावा लागला. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला तेव्हा फिल्मच्या पट्टीवरच चार चुंबकीय रेघा होत्या: डावा, मधला, उजवा, आणि चौथा प्रेक्षकांच्या मागे. सराउंड जन्माला आला तो हा असा. मधला आधी, मागचा नंतर.

आपल्याकडचा या रांगेतला मोठा टप्पा म्हणजे 'शोले'. १९७५, ७० मिलिमीटर, सहा ट्रॅक. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. जयने उडवलेलं नाणं पडल्याचा आवाज आला की लोक खाली वाकून खुर्चीखाली नाणं शोधायचे, असं त्या काळचे प्रेक्षक आजही सांगतात. आणि हाच लॅमिंग्टन रोड पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार म्हणून गाजला, जिथे आज लोक अ‍ॅम्पचे भाव करत फिरतात. मला हे फार आवडतं. कारण बिरण काही नाही, असंच आवडतं.

पण चुंबकीय प्रिंट महाग पडायच्या आणि लवकर झिजायच्या. साध्या, स्वस्त फिल्मवर चार चॅनल कसे बसवायचे? इथे येतात रे डॉल्बी. आणि इथे आपला खरा संबंध आहे, कारण हा माणूस १९६३ ते १९६५ चंदीगडला होता. संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून, तिथल्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत. तिथून तो थेट लंडनला गेला आणि १९६५ मध्ये डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. पहिलं काम टेपची खरखर कमी करण्याचं. ज्या लोकांनी कॅसेट पाहिल्यात त्यांना 'डॉल्बी बी'चं बटण आठवेल. (आपल्याकडे मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरला 'डॉल्बी' का म्हणतात हा वेगळा विषय आहे. ज्या माणसाने आयुष्य आवाजातला गोंगाट कमी करण्यात घालवलं त्याच्या नावाने!)

१९७५-७६ मध्ये त्यांनी फिल्मवर आवाजाच्या दोनच रेघांमध्ये चार चॅनल कोंबले. कसे? सोपं करून सांगतो. डाव्या रेघेत डावा अधिक मधला अधिक मागचा. उजव्या रेघेत उजवा अधिक मधला वजा मागचा. खऱ्यात फेजची थोडी भानगड आहे, पण कल्पना हीच. थिएटरात दोन्ही रेघांची बेरीज केली की मधला उठून येतो, मागचा कटतो. वजाबाकी केली की मागचा उठून येतो, मधला कटतो. १९७७ चा 'स्टार वॉर्स' याच पद्धतीने असंख्य थिएटरांत वाजला आणि मग ती सगळीकडे पसरली.

आता कुणी म्हणेल, थांब! चार अज्ञात आणि दोनच समीकरणं. नववीतलं पोरगंही सांगेल हे सुटत नाही. बरोबर आहे, सुटत नाही. बेरजेत मधल्याबरोबर डावा-उजवाही थोडा येतोच. पण लक्षात घ्या, सिनेमात बहुतेक क्षणी एकच आवाज मुख्य असतो. कोणी तरी बोलतंय, किंवा कुठे तरी दार आपटलंय. डीकोडर सतत बघत राहतो की आत्ता जोर कुठल्या दिशेला आहे, आणि पटकन तो आवाज त्या स्पीकरकडे ढकलतो, बाकीच्यांतून काढून टाकतो. गणित सुटत नाही म्हणून त्यांनी माणसाच्या कानाला फसवलं. मी रोज प्रोडक्शनवर याहून वाईट जुगाड पाठवतो, त्यामुळे मला या माणसांबद्दल प्रचंड आदर आहे.

यातली खरी मजा काय? व्हिडिओ कॅसेटवर स्टिरिओ आला, त्यालाही दोनच चॅनल. सिनेमाच्या त्या दोन रेघा जशाच्या तशा कॅसेटवर उतरल्या, आणि आतले लपलेले चार चॅनलही त्यांच्याबरोबर घरी आले. कुणी न आणता! १९८२ मध्ये घरासाठी 'डॉल्बी सराउंड' आला. त्याने फक्त मागचा चॅनल काढून दिला, मधला नाही. मधला काढणारा 'प्रो लॉजिक' आला १९८७ मध्ये. म्हणजे थिएटरला आधी मध मिळाला, मग पाठ. घराला आधी पाठ मिळाली, मध पाच वर्षांनी. दुकानात गिऱ्हाइकाला मागून येणारा आवाज विकणं सोपं असतं, हे माझं मत. संवाद नीट ऐकू आला तर कुणी 'वा' म्हणत नाही.

इथे मला एकदम बाबा आठवले. २००४ ची गोष्ट, मी शाळेत. घरी व्हीसीडी प्लेअर आणि एक स्टिरिओ अ‍ॅम्प. एका रविवारी बाबांनी कुठून तरी तिसरा स्पीकर आणला, सोफ्यामागे ठेवला, आणि त्याची एक वायर डाव्या चॅनलच्या प्लसला, दुसरी उजव्याच्या प्लसला जोडली. मायनसला काहीच नाही. मित्राने सांगितलेली युक्ती म्हणे. एका इंग्रजी सिनेमाची व्हीसीडी लावली आणि पाऊस सुरू झाला, आमच्या मागे! बोलणं मात्र समोरूनच. मी सोफ्यामागे जाऊन बघून आलो. दोन प्लसमधला स्पीकर फक्त वजाबाकी वाजवतो. जे दोन्हीकडे सारखं आहे, म्हणजे संवाद, ते आपोआप कटतं. ही युक्ती डेव्हिड हाफलर या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते, १९७० च्या आसपासची. बाबांना हे नाव आजही माहीत नाही. (आणि हो, आजकालच्या डिजिटल अ‍ॅम्पवर हे करू नका, बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये दोन्ही मायनस एक नसतात. धूर येईल.)

पुढचं जरा भराभर सांगतो. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आलं, १९९३ मध्ये 'ज्युरासिक पार्क'बरोबर डीटीएस. आता कोंबाकोंबी संपली, प्रत्येक चॅनल वेगळा. पाच पूर्ण, आणि एक फक्त धडधडीसाठी, १२० हर्ट्झच्या खालचा. त्याला पूर्ण चॅनलच्या एक-दशांशही जागा लागत नाही म्हणून '.१'. हे ५.१ नाव टॉमलिन्सन होल्मनने १९८७ मध्ये सुचवलेलं, टीएचएक्सवाला तोच. १९९६-९७ मध्ये डीव्हीडी आली आणि ५.१ घरात आलं. डॉल्बी डिजिटलच्या प्रवाहात आवाजाबरोबर काही सूचनाही असतात. त्यातली एक सांगते की संवादाची सरासरी पातळी किती आहे, आणि एक सांगते की मोठे आवाज किती दाबायचे. रिसीव्हरवर 'नाइट मोड' नावाचं बटण असतं ना, ते हीच सूचना वापरतं. स्फोट खाली येतो, कुजबुज वर येते. खालच्या काकूंसाठी केलेली सोय म्हणा.

२०१२ मध्ये अ‍ॅटमॉस. 'ब्रेव्ह' हा पहिला सिनेमा, आणि त्याच वर्षी आपल्याकडे 'शिवाजी थ्रीडी'. चॅनलऐवजी आवाजाच्या वस्तू आणि त्यांच्या जागा. घरी आलं २०१४ मध्ये. छान आहे, मी थिएटरात ऐकून थक्क झालोय. पण घरासाठी छतावर आवाज आपटून खाली आणणारे जे स्पीकर विकतात, त्यांना सपाट, मोकळं छत लागतं. आपल्या हॉलच्या छताच्या बरोब्बर मध्ये काय असतं? पंखा. मार्च ते जून तो बंद ठेवून अ‍ॅटमॉस ऐकणारा माणूस मिरजेत मला दाखवा.

आणि एचडीएमआय. ही सगळ्यात गोंधळाची खोली. २००२ मध्ये पहिलं व्हर्जन, चित्र आणि आवाज एका वायरमध्ये. कल्पना अशी होती की प्लेअर रिसीव्हरला लागेल, रिसीव्हर टीव्हीला. पण मग टीव्हीच स्मार्ट झाला! सिनेमा आता टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपमध्ये सुरू होतो, म्हणजे आवाज उलट्या दिशेने यायला हवा. म्हणून २००९ च्या १.४ मध्ये आर्क आलं, त्याच वायरवरून परतीचा रस्ता. तो अरुंद होता, म्हणून २०१७ च्या २.१ मध्ये ईआर्क, रुंद रस्ता. आज नवीन रिसीव्हर घेत असाल तर या ४१ कॉलममधला हा एक कॉलम मात्र खरोखर बघा.

मी बघितला नाही. (हसतो)

म्हणजे झालं असं. पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत एका दुकानात मला एक जुना रिसीव्हर दिसला. २००७ च्या आसपासचा, वजन १२-१३ किलो, किंमत ९ हजार. एचडीएमआय आहे का? आहे. ५.१ आहे का? आहे. घेतला. जोडीला पुढचे तीन आणि मागचे दोन स्पीकर घेतले. सगळं बसने मिरजेला नेलं, मांडीवर. जोडला आणि अ‍ॅप सुरू केलं, तर रिसीव्हर मुका. २००७. आर्क आलं २००९ मध्ये. माझ्याच शीटमध्ये हे साल लिहिलेलं होतं.

बाबा बाजूला बसून बघत होते, काही बोलले नाहीत. तेच जास्त लागतं.

शेवटी टीव्हीच्या मागचा ऑप्टिकल आउट सापडला. २०० रुपयांची वायर आणली. आवाज आला, पण आमच्या टीव्हीच्या त्या सॉकेटमधून ५.१ येईना, फक्त स्टिरिओ. दोन चॅनल. म्हणजे मी १९९२ च्याही मागे गेलो. मग रिसीव्हरचा मेन्यू चाळताना 'प्रो लॉजिक २' दिसलं. प्रो लॉजिकची ही सुधारलेली आवृत्ती, २००० सालची, जिम फॉसगेटने केलेली. साध्या स्टिरिओतूनही मधला काढून देणारी. लावून बघितलं.

आणि संवाद टीव्हीखालच्या त्या एका स्पीकरमध्ये येऊन बसला.

हे का महत्त्वाचं, ते मला नंतर वाचताना कळलं. दोन स्पीकरमधला भासाचा मधला आवाज दोन्ही कानांना दोन-दोनदा पोचतो, जवळच्या स्पीकरकडून आधी, लांबच्याकडून किंचित उशिरा. त्या उशिरामुळे २ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज एकमेकांना खातो, तिथे खड्डा पडतो. आणि २ किलोहर्ट्झच्या आसपासच तर व्यंजनांची वस्ती सुरू होते! तरुण कान तो खड्डा भरून काढतो. बाबांच्या कानाकडे भरायला शिल्लक नव्हती. खरा मधला स्पीकर एकाच जागेवरून बोलतो, खड्डा पडत नाही. शिवाय त्याची पातळी वेगळी वाढवता येते. मी मधला ४ डेसिबलने वर केला, बाकीचं संगीत होतं तिथेच. आमच्या टीव्हीवर हे करताच येत नाही. तिथे आवाज वाढवला की सगळंच वाढतं.

बाबांनी पाच मिनिटं काही विचारलं नाही. मग म्हणाले, "हा कोण रे, सारखा 'सर, सर' करतोय?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पूर्वी त्यांना 'सर'मधला 'स' येत नव्हता.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हे श्रवणयंत्र नाही. फोनवर अजून अडतं, बाजारात अडतं, नातेवाइकांच्या घोळक्यात तर फारच. डॉक्टरांचा कागद फ्रिजवर लावलाय. आईने लावलाय, बाबा काढत नाहीत, इतपत प्रगती आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय की ४०-५० हजारांत काय घेऊ. माझं म्हणणं एवढंच, की नऊ चॅनलचा डबा आणि नऊ फडतूस स्पीकर घेण्यापेक्षा पाच चॅनलचा डबा घ्या आणि उरलेले पैसे मधल्या स्पीकरवर घाला. ईआर्क बघा. मधल्याची पातळी वेगळी बदलता येते का ते दुकानातच मेन्यू उघडून बघा, आणि नाइट मोडही. माझ्यासारखा जुना घेणार असाल तर त्याच्यामधून फोर-के चित्र जाणार नाही हे धरून चाला, चित्राची वायर थेट टीव्हीला लावा आणि आवाज ऑप्टिकलने घ्या. घ्यायच्या आधी तुमच्या टीव्हीच्या ऑप्टिकलमधून काय निघतं तेही तपासा. आणि डबा काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नका. वर वीतभर मोकळी जागा ठेवा, तो बराच तापतो.

आमच्याकडचे मागचे दोन स्पीकर अजून खोक्यातच आहेत. वायर दाराच्या चौकटीवरून न्यायची की फरशीच्या कडेने, यावर आई-बाबांचं एकमत व्हायचंय. तोवर पुढचे तीनच वाजतायत, डावा, मधला, उजवा. आवाज असतो २२ वर.

परवा बाबांचा फोन आला होता. म्हणाले, तो जुना तिसरा स्पीकर माळ्यावर सापडलाय, चालू आहे, सोफ्यामागे लावू का? मी म्हटलं, बाबा, प्लस-प्लसला नका लावू, मी शनिवारी येतोय.